मोजपट्टी नसलेल्या गाडीचा लिलाव

बरीच वर्षे माझ्याकडे असलेली १९५१ ची शेव्हरले मी अमेरिकेतल्या संग्राहकांच्या एका मोठ्या लिलावात विकली. गाडी कस्टम होती. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यावर काही वर्षांतच कोणा कारागिराने तिचा टप कापून खाली आणला होता, दारांच्या मुठी काढून तिथला पत्रा सपाट केला होता, पुढची जाळी डिसोटो या दुसऱ्या कंपनीच्या गाडीची बसवली होती आणि बॉनेटवरचे चिन्ह काढून त्याची भोके बुजवली होती. अशी गाडी विकायला काढली की ओळखीपाळखीच्या माणसांचा पहिला प्रश्न "किती येतील?" असाच असतो. या प्रश्नाला सरळ उत्तर नसते, आणि ते का नसते हे उमगल्याशिवाय लिलावाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

जुनी गाडी मूळ स्थितीत असेल तर तिला मोजायला कारखाना हजर असतो. रंग कोणता होता, इंजिनावर कोणता क्रमांक होता, बैठकीचे कापड कसे होते, हे सगळे त्या वर्षीच्या कागदपत्रांशी ताडून पाहता येते आणि जितके जुळेल तितका भाव चढतो. त्याच मॉडेलच्या इतर गाड्या कुठे किती किमतीला गेल्या, हेही कोणालाही शोधून काढता येते. कस्टम गाडीने कारखान्याशी असलेले हे नाते मुद्दाम तोडलेले असते. तिच्या जोडीची दुसरी गाडी नसते, म्हणून तिला बाजारभावही नसतो. ती कशाशी ताडून पाहायची हे विकणाऱ्यानेच सांगायचे असते, पुराव्यानिशी सांगायचे असते, आणि गाडी मंचावर चढण्याच्या कितीतरी आधी सांगून संपवायचे असते. लिलावगृहाचा माणूस हे काम आपल्यासाठी करील अशी आशा ठेवू नये. त्याच्या यादीत शेकड्यांनी गाड्या असतात आणि आपली त्यांपैकी एक असते.

या क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी दोन विक्रीकिमती असतात. त्यांतली पहिली हिरोहाता मर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५१ च्या मर्क्युरीची. कॅलिफोर्नियातल्या बॅरिस बंधूंच्या कारखान्यात १९५२ साली बॉब हिरोहाता यांच्यासाठी ती घडवली गेली, आणि १९५९ साली एका शाळकरी वयाच्या मुलाने ती ५०० डॉलरला विकत घेतली. पुढे सहा दशके ती त्याच कुटुंबात राहिली आणि जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी येथील मीकमच्या लिलावात तिच्यावर १९ लाख ५० हजार डॉलरची बोली लागली. दुसरी किंमत बॅटमॅनच्या १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या गाडीची. मूळची ती लिंकन फ्युचुरा नावाची १९५५ ची प्रदर्शनासाठीची गाडी, तिची बॉडी इटलीत तुरीन येथे घिया कंपनीने घडवलेली. जॉर्ज बॅरिस यांनी ती फोर्डकडून नाममात्र एका डॉलरला घेऊन तिचे रूप पालटले, आणि जानेवारी २०१३ मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल येथील बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात तिला ४२ लाख डॉलरची बोली मिळाली. आपल्या शेडमधल्या गाडीचा अंदाज या आकड्यांवरून बांधणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. या दोन गाड्यांना इतकी किंमत का आली हे मात्र जरूर पाहावे: दोघींच्या बाबतीत काम कोणी केले, कोणत्या साली केले आणि त्यानंतर गाडी कोणाकोणाच्या हातांत होती, हे सगळे निःसंशय ठाऊक होते. टप कापलेल्या मर्क्युरी आजही हौसेने नव्या बनवल्या जातात, आणि त्यांतल्या कित्येकींचे काम मूळच्यापेक्षा सुबक असते. पण त्यांच्या किमती वेगळ्या पायरीवर राहतात.

तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न एवढाच होता की, माझ्या गाडीवरचे काम खरोखर १९५० च्या दशकातले आहे हे अनोळखी माणसाला कसे पटवून द्यायचे. ज्यांच्याकडून मी गाडी घेतली त्यांनी तसे सांगितले होते, पण सांगोवांगीला लिलावात कवडीची किंमत नसते.

पुरावा पत्र्यात होता. टप कापणे हे ऐकायला सोपे वाटते: काचांभोवतीचे खांब काही इंच कापायचे आणि वरचा भाग खाली बसवायचा. अडचण अशी की पुढचे आणि मागचे खांब तिरके असतात, त्यामुळे मधला तुकडा काढून टाकला की वरचे टोक खालच्या टोकावर बसतच नाही. मग खांब आणखी कलते करावे लागतात, किंवा टपच मधोमध कापून त्यात पत्र्याची पट्टी घालून तो लांबवावा लागतो. शेव्हरलेच्या त्या वर्षीच्या गाडीला पुढची काच दोन तुकड्यांची होती आणि ती कापून घेणे कोणत्याही काचवाल्याला जमण्यासारखे होते. मागची काच मात्र बाकदार आणि अखंड. ती कापायला जावे तर तडकायची, म्हणून माझ्या गाडीच्या कारागिराने तिला हातच लावला नव्हता. ती तशीच पुढे कलती बसवून भोवतीचा पत्रा तिच्या कलाने वळवून घेतला होता. बाहेरून पाहणाऱ्याला ही युक्ती दिसत नाही, एकसंध उतार तेवढा दिसतो.

टपाच्या आतले अस्तर उतरवले तेव्हा सगळे उघड झाले. खांबाच्या सांध्यावर गॅसच्या जोडकामाची जाडसर, माशाच्या खवल्यांसारखी ओळ होती, काही ठिकाणी पितळी झाळ होती, आणि पट्टीच्या कडेने पत्रा तापून निळसर-तपकिरी पडलेला होता. त्यावर बाहेरच्या अंगाने शिसे भरलेले होते. शुद्ध शिसे नव्हे. या कामाचा डाख साधारण ७० टक्के शिसे आणि ३० टक्के कथील असा असतो, कारण या मिश्रणाला वितळलेली आणि घट्ट यांच्यामधली लोण्यासारखी अवस्था बराच वेळ धरून ठेवता येते. तेवढ्या वेळात कारागीर चरबी किंवा मेण लावलेल्या लाकडी पट्टीने ते हव्या त्या वळणावर पसरवतो आणि गार झाल्यावर कानशीने घासून घेतो. आतल्या बाजूला एका फटीतून ओघळून आलेला शिशाचा थेंब तसाच गोठलेला होता. नखाने दाबला तर त्यावर ओरखडा उठत होता.

शिसे का महत्त्वाचे, तर आजची प्लास्टिकची पुट्टी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बाजारात नव्हती, आणि ती आल्यावर काम इतके सोपे झाले की शिशाच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही. अर्थात आजही हौशी कारागीर शिसे वापरतात, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरेसा नाही. शिवाय पाहायला येणारे काही जण खिशातून लोहचुंबक काढून गाडीवर फिरवतात. चुंबक शिशालाही चिकटत नाही आणि पुट्टीलाही नाही, म्हणून चुंबक घसरला की "आत पुट्टीच भरली आहे" असे म्हणून ते पुढे जातात. हे टाळण्यासाठी मी अस्तर उतरवलेल्या अवस्थेत प्रत्येक सांध्याचे फोटो काढून घेतले, सोबत मोजपट्टी धरून, आणि मगच अस्तर पुन्हा बसवले. खरेदीदाराला हवे तर एक कोपरा सोडवून आत पाहता यावे, अशी सोयही ठेवली.

दुसरा पुरावा कागदाचा. आधीच्या मालकाच्या कुटुंबाकडे गाडीचे काही जुने फोटो होते. त्या काळात अमेरिकेत फोटो धुऊन देणाऱ्या प्रयोगशाळा अनेकदा फोटोच्या पांढऱ्या कडेवरच महिना आणि साल छापत असत, आणि एका फोटोच्या कडेवर ते होते. फोटोत गाडी घरासमोर उभी आहे, टप कापलेला आहे, जाळी तीच आहे, मुठी नाहीत. चाकांच्या टोप्या मात्र आता आहेत त्या नव्हेत. टोप्यांबद्दलचा हा फरक मी लिलावाच्या वर्णनात मुद्दाम लिहायला लावला. जे जुळत नाही ते आपणच आधी सांगितले की जे जुळते त्यावर लोक विश्वास ठेवतात. फोटो देताना मूळ प्रत, पाठीमागचे लिखाण आणि ती कोणाकडून मिळाली याचे सहीनिशी निवेदन, असे तिन्ही एकत्र ठेवले. कारागिराचे नाव मात्र सापडले नाही. त्या वेळच्या एका नामांकित कारखान्याचे नाव या कामाशी जोडण्याचा मोह मला एका परिचिताने घातला होता, "काम त्यांच्याच पद्धतीचे आहे" असे वर्णनात लिहावे म्हणून. मी ते लिहू दिले नाही. असे वाक्य छापले की जाणकार खरेदीदाराचे लक्ष पुराव्यावरून उडते आणि विक्रेत्याच्या हेतूवर जाते.

रंगाबद्दल सगळ्यांनी भरभरून सल्ले दिले. गाडीवरचा जुना लॅकर टपावर बारीक चिरांनी भरला होता आणि डिकीच्या कडेला पत्र्यापर्यंत झिजला होता. नव्याने रंगवली असती तर फोटोत ती झळाळून उठली असती यात शंका नाही. पण रंग खरवडायचा म्हणजे त्याखालचे शिसे उघडे करायचे, आणि ज्याच्यासमोर उघडे केले तो कारागीर ते काढून पुट्टी भरल्याशिवाय राहत नाही. शिवाय शिशाची भुकटी अंगाला घातक असते, तेव्हा कोणी ते हौसेने घासत बसत नाही. जुना रंग म्हणजे खालच्या कामावरचे सील आहे. ते फोडण्याचा हक्क नव्या मालकाचा. विकणाऱ्याने तो वापरू नये. यावर दुमत असणारे पुष्कळ आहेत, आणि ज्यांच्या गाडीवरचे काम अलीकडचे आहे त्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबरही आहे.

मालकीच्या कागदाकडे मात्र कोणीच आपणहून लक्ष देत नाही. अमेरिकेत गाडीच्या मालकीचा पुरावा म्हणजे टायटल नावाचा सरकारी कागद. सतरा अक्षरांचा एकसारखा वाहन क्रमांक १९८१ पासून सुरू झाला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती आणि अनेक राज्यांत गाडीची नोंद इंजिनाच्या क्रमांकावरच होत असे. कस्टम गाडीत इंजिन बदललेले असणे ही नित्याची गोष्ट. परिणामी टायटलवर एक क्रमांक आणि गाडीत दुसराच, असा प्रकार होतो आणि लिलावाच्या दिवशी गाडी रांगेतून बाहेर काढली जाते. हे दुरुस्त करून घ्यायला संबंधित राज्याच्या वाहन विभागाची तपासणी लागते आणि तिला वेळ लागतो. माझ्या गाडीचे टायटल दाराच्या खांबावरच्या पट्टीवरील क्रमांकावर आधीच बदलून घेतलेले होते, म्हणून तो प्रश्न आला नाही. गाडी विकण्याचा विचार मनात येईल त्या आठवड्यात पहिल्यांदा टायटल काढून क्रमांक ताडून पाहावा, एवढेच सांगतो.

लिलाव कोणता निवडायचा यावर मी बराच विचार केला. ऑनलाइन लिलावांचा पर्याय आता चांगला रुळला आहे. तिथे खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क कमी असते, शेवटच्या क्षणी बोली आली की घड्याळ पुढे सरकते म्हणून कोणाला हूल देता येत नाही, आणि वाचणारे लोक इतके चौकस असतात की एखादा स्क्रू चुकीच्या वर्षाचा असला तरी सांगतात. कागदपत्रे भक्कम असलेल्या गाडीला हे सोयीचे. तरीही मी मंचावरचा लिलाव निवडला, कारण कापलेल्या टपाचे सौंदर्य प्रमाणबद्धतेत असते आणि प्रमाण फोटोत फसवे दिसते. माणूस गाडीशेजारी उभा राहिला आणि टप आपल्या छातीला लागतो हे त्याला जाणवले की तो बोलायचा थांबतो. लिलावगृह निवडताना मी त्यांच्या मागच्या काही याद्या काढून कस्टम गाड्या कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी मंचावर आणल्या होत्या हे पाहिले. शनिवारी दुपारी दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणात येणारी जागा सगळ्यांनाच हवी असते आणि तिचे प्रवेशशुल्कही जास्त असते. पण आपल्या आधी लाखोंची स्पोर्ट्स कार आणि आपल्यानंतर दुसरी तशीच असेल तर मध्ये आलेल्या कस्टम गाडीच्या वेळी लोक चहा प्यायला उठतात. मी शुक्रवारची जागा मागून घेतली, जिथे मागेपुढे हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्या, आणि कस्टम गाड्याच होत्या.

आता राखीव किमतीबद्दल, ज्याला या धंद्यात रिझर्व्ह म्हणतात. ठरवलेल्या रकमेच्या खाली गाडी विकायची नाही, असा करार विक्रेता लिलावगृहाशी करतो आणि ती रक्कम गुप्त ठेवली जाते. रिझर्व्ह ठेवला की विक्रेत्याचे कमिशन सहसा वाढते. लिलावगृहाला रिझर्व्ह नको असतो. त्यांच्या दृष्टीने न विकलेली गाडी म्हणजे फुकट गेलेली मेहनत. "रिझर्व्ह नाही म्हटले की बोली लावणारे जोमाने पुढे येतात" हे त्यांचे आवडते वाक्य आहे. मूळ स्थितीतल्या, सर्वांना ठाऊक असलेल्या मॉडेलच्या बाबतीत ते खरेही आहे, कारण तिथे निदान एक पायाभूत भाव असतो आणि त्याच्या खाली गाडी जाऊ लागली की व्यापारी स्वतः बोली लावून ती उचलतात. कस्टम गाडीला असा पाया नसतो. त्या दिवशी मंडपात तिची कदर असणारी दोन माणसे आली तर भाव होतो. एकच आला तर त्याला ती जवळपास फुकट मिळते. दोघे हवेत, आणि दोघे येतीलच याची खात्री कोणी देत नाही. म्हणून मी रिझर्व्ह ठेवला, पण तो माझ्या खर्चावरून ठरवला नाही. गाडीवर किती ओतले हा हिशोब खरेदीदाराला बांधील नसतो. मी विचार केला तो असा: कोणत्या रकमेला गाडी परत घरी आणलेली मला परवडेल आणि आवडेल? त्या रकमेवर रिझर्व्ह ठेवला. लिलावगृहाच्या प्रतिनिधीला ती थोडी जास्त वाटली, मला ती थोडी कमी वाटत होती, तेव्हा बहुधा ती बरोबर असावी.

कायद्याची बाजूही इथे जाणून घ्यावी. अमेरिकेतल्या बहुतेक सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारविषयक कायद्याच्या कलम २-३२८ नुसार, स्पष्टपणे तसे जाहीर केलेले नसेल तर प्रत्येक लिलाव रिझर्व्हसहितच धरला जातो. रिझर्व्ह नाही असे जाहीर करून बोली मागितली की मात्र वस्तू मागे घेता येत नाही, मग पहिली बोली कितीही हास्यास्पद असो. हातोडा पडेपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो, आणि त्याने ती मागे घेतली तर आधीच्या माणसाची बोली आपोआप जिवंत होत नाही. विक्रेत्याने किंवा त्याच्या वतीने कोणी बोली लावायची असेल तर तो हक्क राखल्याची पूर्वसूचना द्यावी लागते. ती न देता तसे झाले, तर खरेदीदाराला सौदा मोडता येतो किंवा शेवटच्या खऱ्या बोलीच्या रकमेला वस्तू घेता येते. रिझर्व्हपर्यंत लिलाव पुकारणारा स्वतःच बोली चढवत नेतो असे पुष्कळदा दिसते, ते याच सूचनेच्या आधारावर. करारपत्रातल्या बारीक अक्षरांत ही सूचना असते. आपल्या ओळखीच्या कोणाला मंडपात बसवून बोली चढवायला सांगणे, हे मात्र कोणीही सुचवले तरी करू नये.

गाडी पोहोचवण्याच्या कामात एक गमतीची अडचण होती. दारांना बाहेरून मुठी नाहीत. लपवलेले बटण दाबले की विजेवर चालणारी कळ दार सोडते. बॅटरी उतरली तर दार उघडायचे कसे? त्यासाठी गाडीखालून ओढायची एक तार आहे, पण ती कुठे आहे हे ठाऊक असणारा माणूस फक्त मी. लिलावाच्या आवारात गाडी अनोळखी माणसे चालवतात, ढकलतात, रांगेत लावतात. म्हणून बटण कुठे, तार कुठे, थंड इंजिनाला चोक किती, आणि तापमानाचा काटा कुठे गेला की इंजिन बंद करून गाडी ढकलायची, एवढे एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो पुढच्या काचेच्या आत लावला. रांगेत गाडी बराच वेळ जागीच चालू राहते आणि जुने इंजिन तापते. मंचावर वाफ सोडत आलेल्या गाडीवर कोणी बोली लावत नाही. ट्रकही उताराची फळी असलेला न घेता सपाट उचलणीचा घेतला, कारण इतक्या खाली बसलेल्या गाडीचे पोट फळीच्या कडेला घासते. विमा उतरवताना नुकसानभरपाईची रक्कम आधीच ठरवून लिहून घेतली. बाजारभावावर आधारलेला विमा अशा गाडीला निरुपयोगी. बाजारभाव कोण सांगणार?

लिलावापूर्वीचे पाहणीचे दिवस मला मुख्य वाटतात. मी पूर्ण वेळ गाडीजवळ थांबलो. फोटोंची फाइल बाहेर ठेवली होती, पण मूळ फोटो हातात देत नव्हतो. पहिल्या दिवशी बघ्यांचीच गर्दी. दुसऱ्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ लहानसा आरसा आणि टॉर्च घेऊन आले, काही न बोलता गाडीखाली आडवे झाले आणि उठल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "मागच्या काचेभोवतीचा पत्रा आतून पाहता येईल का?" मी अस्तराचा कोपरा सोडवून दिला. त्यांनी बोटाने तो गोठलेला थेंब चाचपून पाहिला. नंतर त्यांच्यासोबत त्यांची मुलगी आली आणि तिने टायटलबद्दल प्रश्न विचारले. मला त्या प्रश्नांवरून कळले की हे लोक बोली लावणार. असे खरेदीदार आता वयस्क होत चालले आहेत हे खरे आहे. ज्यांनी तरुणपणी या गाड्या रस्त्यावर पाहिल्या त्यांची पिढी ओसरते आहे. पण १९९७ साली कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या प्रतिष्ठित स्पर्धेत हॉट रॉड गाड्यांना प्रथमच वेगळा वर्ग मिळाला, तेव्हापासून या प्रकाराकडे कारागिरी म्हणून पाहणारा आणखी एक वर्ग तयार झाला आहे, आणि त्याला आठवणींशी देणेघेणे नाही. तो फोटोच्या कडेवरचे साल वाचतो.

मंचावरचा प्रकार दोन-तीन मिनिटांत आटोपतो. पुकारणाऱ्याचा सूर इतका वेगवान असतो की आकडे ऐकू येण्याऐवजी पडद्यावर वाचावे लागतात. बोली टिपणारी माणसे मंडपात फिरत असतात आणि एखाद्याने मान हलवली की ओरडून हात वर करतात. माझ्या गाडीची बोली रिझर्व्हच्या थोडी खाली येऊन अडली. अशा वेळी लिलावगृहाचा माणूस शेजारी येऊन कानात विचारतो, "रिझर्व्ह काढू का?" या क्षणासाठी उत्तर आधीच ठरवून ठेवलेले असावे, कारण तिथे विचार करायला वेळ नसतो आणि समोर हजार लोक पाहत असतात. मी किती फरक सोडायचा हे आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवले होते आणि अडलेली बोली त्या मर्यादेच्या आत होती. मी होकार दिला, रिझर्व्ह हटवल्याचे पुकारले गेले, आणि आतापर्यंत गप्प बसलेला दुसरा एक खरेदीदार जागा झाला. गाडी अखेर रिझर्व्हच्या किंचित वर गेली. आरसेवाल्या गृहस्थांनीच ती घेतली.

हातोड्याचा आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत बरेच अंतर असते. उदाहरणादाखल, बोली ७०,००० डॉलरवर थांबली आणि लिलावगृह खरेदीदाराकडून बोलीवर घेते तो अधिभार १० टक्के असेल, तर तो ७७,००० मोजतो; विक्रेत्याचे कमिशन ८ टक्के धरले तर विक्रेत्याला ६४,४०० मिळतात, आणि त्यांतून प्रवेशशुल्क, वाहतूक, विमा वजा जातात. वर्तमानपत्रांत छापून येणारी किंमत बहुधा अधिभारासकटची असते, हे इतरांच्या किमतींशी आपली तुलना करताना लक्षात ठेवावे. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या संग्राह्य वस्तूच्या नफ्यावर अमेरिकेचा संघीय कर २८ टक्क्यांपर्यंत असू शकतो, शेअरच्या दीर्घकालीन नफ्यासारखा २० टक्क्यांवर तो थांबत नाही. खरेदीच्या किमतीत गाडीवर केलेल्या सुधारणांचा खर्च मिळवता येतो, पण त्यासाठी पावत्या लागतात. माझ्याकडे त्या होत्या. टायरपासून वायरिंगपर्यंत सगळ्या एका डब्यात साठवलेल्या.

पैसे जमा झाल्यावर टायटल आणि फाइल त्या आरसेवाल्या गृहस्थांकडे गेली. मूळ फोटो गाडीसोबतच जायला हवेत, म्हणून मी फक्त स्कॅन ठेवले. काही आठवड्यांनी त्या गृहस्थांच्या मुलीचा फोन आला. वडिलांना टपावरच्या चिरा बुजवून रंग जुळवून घ्यायचा आहे, मूळ रंग कुठे मिळेल, असे ती विचारत होती. मी तिला रंगाचा पत्ता दिला नाही. अस्तराखालच्या सांध्यांचे सगळे फोटो मोठ्या आकारात पाठवून दिले आणि रंगाला हात लावण्याआधी वडिलांना ते एकदा दाखव म्हणून सांगितले.